पाळण्यातला दगड

आधी कड्या वाजायच्या. पितळेवर पितळ हलकेच घासलं जावं, एवढाच तो नाद. त्याला किणकिण म्हणावं तर त्यात आनंद नव्हता, आणि खडखड म्हणावं तर त्यात राग नव्हता. मग जमिनीच्या पोटात कुणी दार आपटावं तसा एक धप्प आवाज, मग कपाटातल्या काचेच्या बशांची कुजबुज, आणि सगळ्यांत शेवटी माझ्या तळपायांना उमगायचं, की पृथ्वी पुन्हा हलली. दोन श्वासांत सगळं संपून जाई. बशा गप्प होत, भिंतीवरची तसबीर किंचित तिरकी होऊन राही; पण त्या कड्या मात्र थांबत नसत. त्यांच्या टोकाला टांगलेला रिकामा पाळणा कितीतरी वेळ आपला झुलत राही, आणि मी हातातलं काम टाकून त्या खोलीकडे धावत सुटे.

२००८ सालच्या वसंतातली ही गोष्ट. अमेरिकेत, नेवाडातल्या रीनो शहराच्या पश्चिम कडेला माझ्या लेकीचं, मृणालचं घर. तिच्या बाळंतपणासाठी मी सांगलीहून तिथे गेले होते. वाळवंटात जायचं म्हणून मी मनाशी वाळूच्या टेकड्या आणि उंट रंगवून ठेवले होते. पुढ्यात आलं ते करड्या झुडपांचं अफाट माळरान, उघडेबोडके सुरकुतलेले डोंगर आणि त्यांच्या पलीकडे बर्फ पांघरून बसलेली शिखरं. त्या करड्या झुडपाचं एक पान चुरगाळून नाकाशी नेलं मात्र, आणि मी जागच्या जागी थबकले. अहो, दवणा! ऐन चैत्रात, सातासमुद्रांपलीकडच्या त्या रुक्ष भूमीला आमच्या दवण्याचा वास येत होता. माझ्या जावयानं, केदारनं, इंटरनेटवर शोधून सांगितलं की ही दोन्ही झाडं एकाच कुळातली. नातेवाईक कुठे भेटतील काही सांगता येत नाही, हेच खरं.

केदार मूळचा नागपूरचा, संगणकातला इंजिनिअर. त्याला प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची भारी हौस; आणि माझा जन्म शाळेत संस्कृत शिकवण्यात गेला असल्यामुळे मला समजावून घ्यायची सवय नाही. तरी मी ऐकत असे. तो सांगे, इथली जमीन दोन्ही बाजूंनी ताणली जाते आहे, कणकेचा गोळा ओढावा तशी. ती ताणते, पातळ होते, तडकते. एक तुकडा खचतो, शेजारचा वर उचलला जातो, आणि ह्या खचण्या-उचलण्यातूनच हे डोंगर, ह्या दऱ्या घडल्या. मला माझा वर्ग आठवे. पृथ्वीचे समानार्थी शब्द पाठ करून घेताना मी मुलींना किती ठसक्यात सांगत असे: अचला, स्थिरा! जी चळत नाही ती. आणि त्याच दमात क्षमा, सर्वंसहा. ज्या कुणा पूर्वजानं ही नावं ठेवली, त्याला एक आठवडा रीनोत काढायला लावायला हवा होता! पण मग वाटे, नावं काय जे आहे त्यावरून ठेवतात? जे असावंसं वाटतं, ते आपण नावात घालतो. भित्र्या पोराचं नाव अभय ठेवावं, त्यातलाच हा प्रकार.

त्या पाळण्याच्या पितळी साखळ्या मीच नेल्या होत्या. मी त्यांच्यावर झुलले, पुढे मृणाल झुलली. लाकडी पाळणा काही विमानात घालता येईना, म्हणून नुसत्या साखळ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून बॅगेत ठेवल्या. केदारनं फोटो बघून बघून पाइनच्या फळ्यांचा पाळणा स्वतः केला, घासून गुळगुळीत केला, आणि मी पोचल्यावर आठवडाभरात छताच्या लाकडात हूक बसवून टांगलासुद्धा. बाळ यायला अजून बराच अवधी होता. आमच्याकडे बाळ घरात येण्याआधी पाळणा बांधत नाहीत. माझी आई असती तर तिनं आकाशपाताळ एक केलं असतं. पण मी पडले सुधारक! आडव्या गेलेल्या मांजराची विचारपूस करणारी बाई मी. शकुन-अपशकुनांची टवाळी करण्यात हयात गेलेली. मी चकार शब्द काढला नाही. उलट चिंच लावून साखळ्या लख्ख करून दिल्या.

बाळ घाईनं निघालं. मृणालचं डोहाळजेवण कधी करायचं ह्याची बोलणी चालू असतानाच तिला इस्पितळात न्यावं लागलं, आणि मुलगी झाली. नातीला मी प्रथम पाहिलं ते काचेच्या पेटीत, नळ्यांच्या गुंत्यात. पहिले काही दिवस बरे गेले. मृणालचं दूध नळीवाटे थेंब थेंब तिच्या पोटात जाऊ लागलं. आणि मग ते पोट फुगलं. अपुऱ्या दिवसांची आतडी, त्यांना दूध सोसेना. डॉक्टरांनी दूध बंद केलं, सलाइन आणि औषधं सुरू केली, आणि स्पष्ट सांगितलं की फुगारा उतरला तर उत्तम, नाहीतर ऑपरेशन. आणि एवढ्याशा जिवाचं ऑपरेशन म्हणजे काय, ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ग्लोरिया नावाची एक नर्स होती, मूळची फिलिपिन्सची, वयानं माझ्याहून थोडी लहान. ती ठरावीक वेळानं कागदी टेप घेऊन त्या इवल्या पोटाचा घेर मोजी. तिच्या भुवयांकडे बघत आमचे दिवस चालले होते.

आणि नेमकं ह्याच दिवसांत पृथ्वीला हे हलणं सुचलं! एरवी भूकंपाची रीत अशी, की आधी मोठा धक्का बसतो आणि मग त्याची पिलावळ हळूहळू विरत जाते. इथे उलटी गंगा. बारीक बारीक धक्के सुरू झाले, ते दिवसागणिक वाढत चालले, आणि पुढे काय होणार ते टीव्हीवर येणाऱ्या शास्त्रज्ञांनाही सांगता येईना. असंच चालून थांबेल, किंवा मोठा येईल; पाणी भरून ठेवा, जड वस्तू खाली काढा, एवढंच ते सांगत. त्यांनी ह्या प्रकाराला 'स्वॉर्म' म्हटलं होतं. मधमाश्यांच्या झुंडीलाही तोच शब्द आहे म्हणे. शब्द मला पटला. मोहोळ उठलं की जशी माणसाची मान आपोआप खांद्यात जाते, तसे आम्ही सगळे मान आखडून वावरत होतो. केदार कामावरून दर धक्क्याला फोन करायचा: "आई, टेन्शन घेऊ नका. मी चेक केलं, छोटाच होता." जणू छोटा होता म्हणून तो झालाच नव्हता.

मला भीती घराची नव्हती. मला भीती होती त्या पाळण्याची. रिकामा पाळणा हलवू नये, बाळाचं पोट दुखतं. हे वाक्य आपल्याकडे कुणी ऐकलेलं नाही? लहानपणी मावशीच्या घरी रिकाम्या पाळण्याला झोका दिला म्हणून मी पाठीत धपाटा खाल्लेला आहे. आणि शिकून शहाणी झाल्यावर त्याच वाक्याला मनसोक्त हसलेही आहे. लाकडाच्या खोक्याचा आणि पोटाचा संबंध काय? आता सांगा, ह्या माझ्याच प्रश्नाचं मी काय करू? इकडे पाळणा रिकामा, त्याला हलवणारा हात साक्षात पृथ्वीचा, आणि तिकडे पेटीतल्या बाळाचं पोट फुगलेलं! तर्क म्हणत होता, योगायोग. पण तर्काला कुठे नात असते? म्हणून कड्या वाजल्या की मी धावत जाई आणि पाळण्याच्या कडेवर तळहात ठेवून उभी राही, तो पुरता निश्चल होईपर्यंत.

मग तो उतरवून का ठेवला नाही, असं तुम्ही विचाराल. मी एकदा स्टुलावर चढलेही होते. तेवढ्यात मृणाल दारात येऊन उभी राहिली. दूध काढून, बाटली नीट बंद करून ती फ्रीजरमध्ये ठेवायला निघाली होती. पिणारी पीत नव्हती, तरी ती दिवसातून कितीदा तरी हे करत असे, आणि फ्रीजर त्या बाटल्यांनी भरत चालला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पाळण्याकडे पाहिलं.

"राहू दे आई," ती म्हणाली. "उतरवू नकोस. प्लीज."

बांधलेला पाळणा कधी उतरवतात, ते तिलाही ठाऊक होतं. मी स्टुलावरून खाली आले. उतरवता येत नाही आणि हलू देववत नाही, अशा त्या पाळण्यापुढे माझं सगळं शिक्षण हात बांधून उभं होतं.

गावोगावहून फोन येत. अटलांटाजवळच्या अल्फारेटातून माझी भाची कळवळून सांगे, मावशी, तुम्ही सगळे इकडे निघून या, इथली जमीन जागची हलत नाही. शेजारची माणसं अंगणात गाडीत झोपू लागली होती. काही जण नातलगांकडे निघूनही गेले. आमचं पाऊल कसं निघणार? आमचा सगळा संसार एका पेटीत होता, आणि त्या पेटीची चाकं ब्रेक लावून जखडलेली होती. मी इस्पितळात असताना धक्का आला की ग्लोरिया हातातलं काम सोडून त्या पेटीवर तळहात पसरून ठेवी, अगदी मी पाळण्यावर ठेवी तसा. एकदा माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी तिला विचारलं, एवढ्याशा हातानं काय थांबतं? ती म्हणाली, काहीच नाही. पण हाताला दुसरं काही सुचत नाही. त्या क्षणी ती मला पाठच्या बहिणीसारखी वाटली.

इस्पितळापासून जवळच ट्रकी नावाची नदी आहे. डोंगरातलं बर्फ वितळून आलेलं तिचं हिरवट, थंडगार पाणी वाळवंटात धावत जातं आणि पुढे एका तळ्यात शिरून संपतं. समुद्र काही तिच्या नशिबात नाही. दुपारी मृणाल बाळापाशी बसली की मी त्या काठावर जाऊन बसत असे. तिथेच एके दिवशी पायाशी तो दगड दिसला. करडा, लांबट, पाण्यानं घोटून घोटून गुळगुळीत केलेला, दोन्ही टोकांना निमुळता. वरवंटा! अगदी हुबेहूब. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बारशाला आपण काय करतो? बाळाच्या आधी वरवंट्याला नटवतो, त्याला टोपडं घालतो, पाळण्याच्या खालून-वरून ह्या बाईच्या हातातून त्या बाईच्या हातात देतो आणि मग तो पाळण्यात निजवतो. पाळण्यातला पहिला मान दगडाचा! बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. दृष्ट लागायची ती दगडाला लागावी म्हणून. मृणालच्या घरी वरवंटा कुठला? तिथे सगळा कारभार मिक्सरवर. मी तो दगड उचलला. हाताला गार लागला, आणि काळजात चर्र झालं, कारण तो आमच्या बाळापेक्षा जड होता.

घरी आणून मी तो धुतला, पुसला. बाळासाठी शिवून नेलेली कुंची त्याला घातली, दुपट्यात गुंडाळला आणि पाळण्यात निजवला. कुणाला काही सांगितलं नाही. खरं सांगते, लाज वाटत होती. जिनं वर्गावर्गांतून विवेकाचे डोस पाजले, ती बाई परमुलखात दगडाला कुंची घालते! पण पुढचा धक्का आला, कड्या वाजल्या, तेव्हा मी धावले नाही. पाळणा हलत होता, पण रिकामा नव्हता. एवढ्याशा फरकानं छातीतली धडधड उतरली. मला तेव्हा जाणवलं, की रूढी म्हणजे दर वेळी अज्ञानच असतं असं नाही. जिथे करण्यासारखं काहीच उरत नाही, तिथे हातांना दिलेलं ते एक काम असतं. शास्त्रानं ग्लोरियाच्या हातात टेप दिली होती, केदारच्या हातात संगणक दिला होता. माझे हात रिकामे होते, त्या पाळण्यापेक्षाही रिकामे. मृणाल त्या खोलीत पाय टाकत नसे आणि केदार दार लोटून ठेवी. निदान असा माझा समज होता.

एप्रिल सरत आला तशी धक्क्यांची धार वाढली. बाळाचं पोट एक दिवस मऊ लागे, दुसऱ्या दिवशी पुन्हा ताठर. डॉक्टर म्हणत, अजून थोडं बघू. पृथ्वीचंही बहुधा तेच चाललं होतं. अशात एका शुक्रवारी मृणाल आणि केदार इस्पितळातच थांबले, कारण सकाळी सर्जन येऊन ऑपरेशनचं ठरवणार होते. मी घरी एकटी. जेवणावर वासना नव्हती, म्हणून बाळाच्या खोलीत दुपट्यांच्या घड्या घालत बसले होते. घातलेल्या मोडायच्या आणि पुन्हा घालायच्या, असा उद्योग. आणि कड्या वाजल्या.

ह्या खेपेला कड्या आणि दणका ह्यांच्यात अंतरच पडलं नाही. कुणीतरी घराला गदागदा हलवलं. दिवे गेले. स्वयंपाकघरात फडताळं उघडून बशा, बरण्या, पेले जमिनीवर कोसळू लागले. अशा वेळी टेबलाखाली शिरायचं, हे केदारनं मला दहादा शिकवलं होतं. मी शिरले नाही. मी पाळण्याकडे झेपावले. तो वेडावाकडा झुलत होता, भिंतीवर थडकत होता, आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती: दगड पडता कामा नये. काय म्हणावं ह्याला! छत डोक्यावर येईल ह्याची शुद्ध नाही, आणि मी नदीतल्या एका गोट्यासाठी जीव टाकते आहे! मी दोन्ही हात आत घातले. बोटांना दुपटं लागलं, आणि दुपट्यावर आणखी काहीतरी. रुंद, जाड विणीचा पट्टा, गाडीच्या टपावर सामान बांधतात तो. दगडावरून फिरवून पाळण्याच्या दोन्ही कडांना करकचून आवळलेला. असा पट्टा आवळणारा माणूस त्या घरात एकच होता. तोच, जो मला फोन करून सांगायचा, टेन्शन घेऊ नका.

हलणं थांबलं. अंधारात पाळण्याला धरून मी तशीच बसून राहिले. फोन लागेना, सारं गाव एकाच वेळी फोन करत असणार. इस्पितळ उभं असेल ना? त्या पेटीला वीज असेल ना? ग्लोरियाचा हात असेल का तिच्यावर? देवाचं नाव घ्यायची सवय नाही, म्हणून मी तेच जुने शब्द पुटपुटत होते: अचला, स्थिरा, क्षमा. पाठ करून घेताना त्यांत विनवणी भरलेली आहे, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. कितीतरी वेळानं माझा फोन वाजला. केदार होता. "आई, तुम्ही ठीक आहात ना? इथे सगळं ओके आहे. बाळ ओके आहे, झोपलीये ती." मग त्याच्या हातातून फोन घेऊन मृणाल बोलली. माझी लेक, जिला मी भातुकलीच्या वयापासून शिकवत आले, की असल्या गोष्टी मानायच्या नसतात.

"आई," तिनं विचारलं, "पाळण्यातला दगड पडला नाही ना?"

"नाही गं," मी म्हटलं. "जागेवर आहे."

आणि मग आम्ही दोघी, शहराच्या दोन टोकांना, फोन कानाशी धरून पोटभर रडलो.

सकाळी सर्जन आले. त्यांनी पोट चाचपलं, एक्स-रे पाहिला आणि आणखी थांबायचं ठरवलं. त्यानंतरच्या दिवसांत ग्लोरियाच्या भुवया हळूहळू खाली आल्या, आणि एका दुपारी टेप गुंडाळत ती म्हणाली की पोट लोण्यासारखं मऊ आहे. दगडानं हे केलं, असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर माझ्याच विद्यार्थिनी मला हसतील. औषधांनी केलं, डोळ्यांत तेल घालून जागणाऱ्या माणसांनी केलं, त्या जिवाच्या चिवटपणानं केलं. पण फ्रीजरमधली पहिली बाटली केदार इस्पितळात घेऊन निघाला, तेव्हा दारापर्यंत गेलेला तो परत फिरला, त्या खोलीत डोकावला आणि पट्टा ओढून पाहून गेला. मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

बाळ घरी आलं तेव्हा उन्हाळा लागला होता. बारसं केलं. रीनोतली मोजकी मराठी घरं आली, ग्लोरिया आली. पाळण्याखालून दगड मी तिच्याच हाती दिला. तिनं तो तळहातावर असा तोलून धरला, की हा विधी तिला शिकवावा लागला नाही. नावांच्या सूचनांचा पाऊस पडला: अवनी, वसुधा, धरित्री. मृणालनं सगळ्यांना हात जोडले. पृथ्वी पुष्कळ झाली, ती म्हणाली. नाव ठेवलं रेवा. दगड नदीतून आला म्हणून नदीचं नाव ठेवलंत का, असं मी तिला विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की उगाच लहान होतात.

पाहुणे पांगले. दगड देवांशेजारी जाऊन बसला, त्याची कुंची आता खऱ्या धनिणीच्या डोक्यावर होती. मृणाल आणि केदार बऱ्याच दिवसांनी एकाच वेळी गाढ झोपले होते. उघड्या खिडकीतून त्या करड्या माळाचा दवण्यासारखा वास येत होता, आणि मी पाळण्याशेजारी खुर्ची ओढून बसले होते. तेवढ्यात कड्या वाजल्या. पितळेवर पितळ हलकेच घासलं जावं, एवढाच तो नाद. कपाटातल्या उरल्यासुरल्या बशा कुजबुजल्या, आणि पाळणा झुलू लागला. माझा हात सवयीनं पुढे झाला, कडेपाशी पोचलाही. आत रेवानं झोपेतच ओठ मुडपले आणि एक सुस्कारा सोडला. मी हात मागे घेतला. पाळणा भरलेला होता. पृथ्वीच्या मनात असेल, तर देऊ दे तिला झोका.